आदरार्थी बहुवचन

सोमवार, दि. ६ फेब्रुवारी

सेवानिवृत्तीनंतर दैनंदिनी लिहिणे मी सोडून दिले होते. लिहिण्याजोगे काही घडत नव्हते, आणि न घडलेले लिहिणे हा कागदाचा अपव्यय होय. आज पुन्हा आरंभ करीत आहे. छापखान्याचे धाकटे मालक स्वतः जिना चढून घरी आले. थोरले मालक कधी कामगाराचा जिना चढले नसते. परंतु तो काळ निराळा होता. त्यांनी तीनशे बारा पानांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. कादंबरी आहे. त्यांचे म्हणणे असे की, हल्ली मुद्रिते तपासणारी मंडळी संगणकाच्या लाल रेघेवर विसंबतात, आणि या पुस्तकावर पुष्कळांची नजर राहणार असल्याने त्यात एकही चूक नको. मी विचार करून कळवतो असे सांगितले. ते जिना उतरण्यापूर्वीच मी चष्मा पुसावयास घेतला, हे सौ.ने पाहिले आणि ती हसली.

येथे नोंदवून ठेवतो : माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत. बावीस वर्षे छपाईचे शिशाचे खिळे जुळवले आणि वीस वर्षे मुद्रिते तपासली. पदवीधर लोक 'आशीर्वाद' कसा लिहावा हे विचारण्यासाठी माझ्याकडे येत. छापखान्यात मला पाठीमागे 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत. समोर म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

मंगळवार, दि. ७ फेब्रुवारी

पहिली चाळीस पाने वाचली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका अवघ्या अकरा. लेखिकाबाई अभ्यासू दिसतात.

कथानक परिचित निघाले. एक्केचाळीस वर्षांपूर्वी येथील धान्याच्या गोदामाच्या फाटकापाशी संपावर बसलेल्या हमालांवर गोळीबार झाला व सहा जण मरण पावले, त्यावर ही कादंबरी रचलेली आहे. त्या प्रकरणी चौकशी समिती नेमण्यात आली होती. समितीचा अहवाल आमच्या छापखान्यात छापला गेला आणि त्यातील साक्षींचा संपूर्ण भाग मी एकट्याने जुळवला. त्यात मुद्रणदोष एकही नव्हता.

मात्र एका गोष्टीने मन विटले. गोळीबाराच्या वेळी हजर असलेल्या मुख्य अधिकाऱ्यांचा उल्लेख बाई सर्वत्र एकवचनात करतात. 'तो गाडीतून उतरला. त्याने हातमोजे काढले. तो हसला.' एवढ्या हुद्द्याच्या माणसास अरे-तुरे? कादंबरी झाली म्हणून शिष्टाचार सुटतो काय? मी एकतीस ठिकाणी एकवचन खोडून समासात बहुवचन लिहिले. खानावळीत भांडी घासणाऱ्या बाईसाठी मात्र 'ती' आहे, ते योग्यच आहे.

गुरुवार, दि. ९ फेब्रुवारी

लेखिकाबाई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास. रुग्णालयात क्ष-किरण विभागात नोकरी करतात. कादंबरी ही त्यांची पहिलीच. मला 'काका' म्हणाल्या. मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. 'आजोबा' म्हटले असते तर राग आला असता, 'काका' चालते.

त्यांनी माझ्या एकतीसही दुरुस्त्यांखाली टिंबांची ओळ काढली आणि समासात 'जैसे थे' लिहिले. आमच्या धंद्यात याचा अर्थ असा की, मुद्रितशोधकाने लावलेला हात मागे घ्यावा. उभ्या आयुष्यात माझ्या दुरुस्तीवर 'जैसे थे' तीनदा आले असेल. मी त्यांना समजावून सांगितले की, आदरार्थी बहुवचन हा भाषेचा नियम आहे. तो माणसाची योग्यता पाहत नाही, हुद्दा पाहतो. त्या म्हणाल्या की, या माणसाबाबत त्यांच्याकडे आदराचा साठा संपला आहे. मी म्हणालो, आदर मनात नसला तरी चालतो, क्रियापदात असला म्हणजे पुरे. यावर त्या इतक्या मोठ्याने हसल्या की सौ. पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली.

तिने काय चालले आहे ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "देवाला अरे-तुरे चालतं तुम्हाला. मग ह्यालाच कशाला अहो-जाहो?"

बाईंनी विचारले, "काकू, हे वाक्य चोरू का मी?" सौ.ने खुशाल चोरा म्हणून सांगितले. दोघींची ओळख होऊन पाच मिनिटेही झाली नव्हती.

(सौ.चे बोलणे शुद्ध करून लिहून पाहिले. त्यातील खोच जाते, म्हणून तसेच ठेवले.)

सोमवार, दि. १३ फेब्रुवारी

आज वाचन थोडे झाले, आठवणी फार झाल्या.

अहवाल छापून बाहेर पडल्यावर मुख्य अधिकारीसाहेब स्वतः छापखान्यात आले होते. खिळ्यांच्या खोलीत बाहेरचे लोक येत नसत, कारण शाई लागते. साहेब आले. साक्षींचा भाग कोणी जुळवला, असे त्यांनी थोरल्या मालकांना विचारले. मालकांनी माझ्याकडे बोट केले. माझे हात काळे होते. साहेबांनी ते तसेच स्वतःच्या हातांत घेतले आणि म्हणाले, "तुमच्यासारखी शुद्ध भाषा जाणणारी माणसं आहेत, म्हणून आमची अब्रू आहे." पुढच्याच महिन्यात मला खिळ्यांवरून उठवून मुद्रितशोधकाची खुर्ची देण्यात आली. चौथी शिकलेल्या माणसास ती खुर्ची त्यापूर्वी कधी मिळाली नव्हती.

इतक्या व्यग्र माणसाने साक्षींची पाने इतक्या बारकाईने वाचावीत, याचे मला आजही कौतुक वाटते.

मंगळवार, दि. १४ फेब्रुवारी

चौदावे प्रकरण वाचले आणि लेखणी खाली ठेवली. चौकशी समितीचे चिटणीस लाच घेतात आणि भांडी घासणाऱ्या बाईची साक्ष छापावयास जाण्यापूर्वी बदलतात, असे यात दाखविले आहे. बंद दार, टेबलाखालून पाकीट, घाम वगैरे. हे धादांत असत्य आहे. त्या चिटणिसांना मी ओळखत होतो. हस्तलिखित ते स्वतः कापडात गुंडाळून आणीत, पाने मोजून देत आणि मोजून परत नेत. एकदा आमच्याकडील एक टाचणी त्यांच्या कागदांबरोबर गेली, ती त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. आम्ही सगळे हसलो होतो. ते वारले, मागे कोणी नाही, म्हणून त्यांच्यावर वाटेल ते रचावे? कादंबरी म्हणजे माणसाच्या तोंडाला काळे फासण्याचा परवाना नव्हे.

समासात लिहिले : 'आधार काय?'

शनिवार, दि. १८ फेब्रुवारी

बाई त्या प्रश्नाचे उत्तर घेऊनच आल्या. आज हसल्या नाहीत.

कादंबरीतली भांडी घासणारी बाई म्हणजे त्यांची आई. खानावळ गोदामाच्या फाटकासमोर होती आणि आईने सगळे मोरीच्या खिडकीतून पाहिले. जखमी होऊन पडलेल्या एका हमालाला त्या अधिकाऱ्यांनी स्वतः जवळ जाऊन गोळी घातली, अशी साक्ष तिने समितीपुढे दिली. लिहितावाचता येत नसल्याने अंगठा उठवला. पुढे खटला उभा राहिला. न्यायालयात तिने तेच सांगितले. तेव्हा साहेबांच्या वकिलांनी छापील अहवाल उघडून तिच्यापुढे धरला आणि विचारले की, येथे तर गोळी शिपायांनी घातली असे तुमच्याच तोंडचे आहे, मग आज साक्ष का फिरवता? समोर धरलेले पान तिला वाचता येत नव्हते. मूळ हस्तलिखित मागविण्यात आले, ते गहाळ झाल्याचे उत्तर आले. शिपाई अकरा होते. गोळी कोणाची, हे ठरले नाही. सगळे सुटले. आईला मात्र 'साक्ष फिरवणारी' हे नाव चिकटले. खानावळीतले काम गेले. दोन वर्षांपूर्वी ती वारली, तेव्हा समाचाराला आलेल्या बायकासुद्धा जिन्यात तेच बोलत होत्या.

"आई शेवटपर्यंत सांगायची, मी 'त्याने' म्हटलं होतं. लिहून घेणाऱ्याने परत वाचून दाखवलं, तेव्हाही 'त्याने'च होतं. मग छापताना काय झालं? काका, अक्षरं आपोआप बदलत नाहीत. कुणीतरी पैसे खाल्ले."

मी विचारले, छापलेला मजकूर आपणास आठवतो काय. त्यांना पाठ होता. खिडकीकडे पाहत त्यांनी म्हणून दाखवला :

"साहेब गाडीतून उतरले. शिपाई बंदुका घेऊन उभे होते. त्यांनी फाटकाशी पडलेल्या माणसाला गोळी घातली."

मी म्हणालो की, वाक्ये शुद्ध आहेत.

त्या पर्स उचलून निघून गेल्या.

रविवार, दि. १९ फेब्रुवारी

वाचन नाही. डोळे दुखतात.

मंगळवार, दि. २१ फेब्रुवारी

नोकरीत असताना मी शुद्धिवही ठेवीत असे. प्रत्येक पानावर दोन रकाने : 'मूळ' आणि 'शुद्ध'. मालकांनी सांगितले नव्हते. ती माझी हौस. अशा सत्तावीस वह्या कपाटावरील पत्र्याच्या पेटीत आहेत. सौ.कडून पेटी खाली काढवून घेतली. कशाला, असे तिने विचारले. सहज, असे मी सांगितले. खरे कारण असे की, ती नोंद वहीत नाही अशी मला खात्री करून घ्यावयाची होती.

नोंद आहे. साक्ष नववी. मूळ : उतरला. शुद्ध : उतरले. मूळ : त्याने. शुद्ध : त्यांनी. पुढे माझ्या तेव्हाच्या सुबक अक्षरात : 'बाई अडाणी. अधिकाऱ्यांचा एकेरी उल्लेख. सुधारला.'

डोक्यावर एक टिंब, आणि 'ने'च्या जागी 'नी'. एक श्वास घेण्याइतका वेळ लागला असेल.

नियम चुकलेला नाही. हे मी पाच वेळा ताडून पाहिले. परंतु वाक्याचा अन्वय लावू गेले असता 'त्यांनी' हे सर्वनाम आधी जवळच्या अनेकवचनी नामाकडे जाते, आणि जवळचे अनेकवचनी नाम 'शिपाई' हे आहे. 'त्याने' राहिले असते, तर ते शिपायांकडे जाऊच शकले नसते. ते एकाकडेच गेले असते.

चौथीत अन्वय शिकवीत नाहीत. मी तो पुढे स्वतः शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. होता.

ती खुर्ची मला कशाबद्दल मिळाली, असाही एक विचार आला. तो पुढे नेला नाही.

बुधवार, दि. २२ फेब्रुवारी

गप्प राहण्याच्या बाजूने मुद्दे पुष्कळ आहेत. बाईंच्या आई वारल्या. चिटणीस वारले. खटला संपला. कादंबरीत चिटणिसांचे नाव नाही. शिवाय वाचकास लाच पटते. एका जुळाऱ्याने, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या माणसाने, कोणीही न सांगता, कोणाकडून काही न घेता, निव्वळ सभ्यतेपायी एका खुनी माणसास सोडविले, हे कोणास पटावे? मला स्वतःला पटत नाही. कादंबरीत जे शोभते तेच खरे, आणि चौदावे प्रकरण शोभते. मी बोललो नाही, तर तीनशे बारा पानांतले एकही वाक्य अशुद्ध होत नाही.

विरुद्ध बाजूने मुद्दा एकच आहे. टाचणी परत आणून देणारा माणूस लाचखाऊ ठरेल, आणि मी शुद्ध राहीन.

शनिवार, दि. २५ फेब्रुवारी

सौ.ने वही वाचली. मी पेटी उघडीच ठेवली होती. ती सातवी शिकलेली आहे. माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे. बावन्न वर्षांच्या संसारात तिने हे एकदाही बोलून दाखविले नाही. आजही नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, त्या बाईंना तुम्ही अडाणी लिहिलंय."

मी म्हणालो, ते त्या वेळचे मत होते.

"एक कोण आणि अकरा कोण, एवढं त्यांना कळत होतं. अडाणी असून."

तिने देठे गोळा केली, सुरी धुतली, ताट आत नेऊन ठेवले आणि दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही जाणार आहात ना सांगायला? का मी जाऊ?"

सोमवार, दि. २७ फेब्रुवारी

धाकटे मालक आले. त्या अधिकाऱ्याच्या मुलांनी वकिलामार्फत निरोप पाठविला आहे. तो हयात आहे, सत्त्याऐंशी वर्षांचा. गेल्याच महिन्यात त्याच्या नावाने एक वाचनालय उघडण्यात आले. मालकांची सूचना अशी की, पुस्तकभर 'तो'च्या जागी 'ते' करावे आणि वाक्ये जरा मोघम करावीत, म्हणजे कोणी काय केले हे कोणाच्या अंगाला चिकटणार नाही. म्हणाले, "तुमचंही पहिल्यापासून हेच म्हणणं होतं की. तुम्ही सांगितलंत तर बाई ऐकतील."

माझे हे म्हणणे होते, ही गोष्ट खरी आहे. मी सांगितले की, लेखिकेने 'जैसे थे' लिहिल्यावर मुद्रितशोधकास तेथे हात लावता येत नाही. ते म्हणाले, नियम थोडा वाकवा. मी म्हणालो, वाकणारा माणूस हवा असेल तर मुद्रिते परत न्यावीत. त्यांनी ती नेली नाहीत. रुसून मात्र गेले.

बुधवार, दि. १ मार्च

रुग्णालयात गेलो. क्ष-किरण विभागाबाहेरील बाकावर तासभर बसलो. एक परिचारिका दोनदा येऊन विचारून गेली, "आजोबा, फोटो कशाचा काढायचाय?" मी सांगितले, फोटो काढावयाचा नाही. "मग बसलात का?"

बाई बाहेर आल्या. चार वाक्ये तयार करून नेली होती. पहिल्यातच अडखळलो, म्हणून वही उघडून हातात दिली. नोंद दोन ओळींची आहे. त्या फार वेळ वाचत होत्या.

"म्हणजे लाच नव्हतीच."

"नव्हती."

"कुणी दम दिला होता? मालकांनी सांगितलं होतं? काहीतरी असेलच ना."

त्यांना कोणीतरी हवे होते, हे मला दिसत होते. माझ्याकडे देण्यास कोणी नव्हते. साहेबाने येऊन हात धरले ते नंतर, हेही सांगितले. काय म्हणाला ते सांगितले. खुर्चीचेही सांगितले.

"तीन वर्षं घासून एक हरामखोर रचला मी," त्या म्हणाल्या. "आणि आईला बुडवलं ते चांगल्या वळणाने."

मी क्षमा मागितली. त्यांनी ऐकले नाही असे नाही. वही ठेवून घेऊ का, एवढेच विचारले. मी होकार दिला. आत जाताना त्या 'काका' म्हणाल्या नाहीत.

मंगळवार, दि. ७ मार्च

धाकट्या मालकांकडून कळले. बाईंनी वही वकिलास दाखविली. खासगी वहीत कोणीही काहीही लिहू शकतो आणि एवढ्या काळानंतर कोणीही हे प्रकरण उघडणार नाही, असे त्याने सांगितले. त्या अधिकाऱ्याला शिक्षा होणार नाही. कधीच होणार नाही. वाचनालय रोज सकाळी आठ वाजता उघडते.

मालक पुस्तक छापण्यास राजी झाले आहेत, मात्र गाव, साल, हुद्दा, गणवेशाचा रंग, फाटकावरील पाटी, सगळे काढून. बाईंनी सगळे काढू दिले. 'तो' तेवढा काढू दिला नाही. "म्हणतात कशा, सर्वनामावर दावा लावून दाखवा म्हणावं," असे मालक तक्रारीच्या सुरात सांगत होते. मला ते वाक्य आवडले. समितीला, न्यायालयाला, आम्हा छापणाऱ्यांना जे धरता आले नाही, ते या बाईंनी एका अक्षरात धरून ठेवले आहे. तेवढ्याने कोणाचे काय होणार, हे मला माहीत नाही. त्यांच्या आईंचे काहीच होणार नाही.

शनिवार, दि. ११ मार्च

चौदावे प्रकरण नव्याने लिहून आले. सोळा पाने. चिटणीस पाने मोजून देतात आणि मोजून नेतात. पाकीट नाही, घाम नाही. एक जुळारी आहे. चौथी शिकलेला, ताठ मानेचा, चुका पकडण्यात सुख मानणारा. भांडी घासणाऱ्या बाईची साक्ष जुळवताना तो मनातल्या मनात तिला हसतो. हे मी बाईंना सांगितले नव्हते. त्यांना कसे कळले, ठाऊक नाही. त्यांनी त्याला माफ केलेले नाही. ते योग्य केले; माफ केले असते तर प्रकरण लुळे पडले असते.

परंतु एक दोष राहिला आहे. त्याच्याविषयी सर्वत्र आदरार्थी बहुवचन वापरले आहे. पान दोनशे सहा : 'जुळारी खिळ्यांच्या खणांपाशी उभे होते. पलीकडे आणखी तिघे काम करत होते. त्यांनी बाईच्या साक्षीतले सर्वनाम बदलले.'

बाईंना दूरध्वनी केला. त्या म्हणाल्या, राग होता, एकेरीच लिहायला बसले होते. पण बाकावर बसलेले तुम्ही डोळ्यांपुढे आलात आणि हात आपोआप अहो-जाहो लिहीत गेला. वयाचा मान समजा.

मी सांगितले की, प्रश्न मानाचा नाही, अन्वयाचा आहे. वाक्य संदिग्ध झाले आहे. पलीकडच्या तिघांनी बदलले असे वाचक समजेल. किंवा चौघांनी मिळून. म्हणजे कोणीच नाही.

त्यांनी ते वाक्य दूरध्वनीवर मोठ्याने वाचून पाहिले. मग त्या म्हणाल्या, "मग काय करायचं, काका?"

"आपण काही करू नका. ते काम माझे आहे."

त्रेचाळीस ठिकाणे निघाली. उभे होते : उभा होता. म्हणाले : म्हणाला. पान दोनशे सहा, त्यांनी : त्याने. सौ. स्वतःचा चष्मा लावून शेजारी येऊन बसली आणि ओळीओळीखाली बोट फिरवीत राहिली. पान दोनशे अकरावर माझ्या नजरेतून एक 'ते' सुटले होते. तिने त्यावर बोट ठेवले. तेही खोडले.